काळ्या रंगाचे बिल

नाशिकरोड,
रविवार, १८ मे २०२५

चि. अनघा हिस,
अनेक आशीर्वाद.

९ तारखेच्या रात्री तुझा फोन आला तेव्हा तू घाईत होतीस, इकडे टीव्ही चालू होता, आणि मला नीट काहीच सांगता आले नाही. तू म्हणालीस, “बाबा, जनरेटर, टँकर, जेसीबी, रुग्णवाहिका, तळघरं, सगळ्याच्या याद्या मागितल्यात. गावात कुणाला विचारू? मी एकटीच आहे.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाकिस्तानबरोबरचा गोळीबार थांबला आणि तुझ्याकडचा गोंधळही निवळला असेल. पण तू विचारलेले माझ्या डोक्यातून गेलेले नाही. फोनवर अशा गोष्टी निसटतात, म्हणून लिहितो आहे. सवडीने वाच, पण वाच.

तू एकटी आहेस हे खरेच आहे. तुमच्या नगरपरिषदेची मुदत कधीच संपली, निवडणूक झालेली नाही. मुख्याधिकारी तूच आणि प्रशासकही तूच. टिपणी तुझी, तिच्यावर मंजुरीची सहीही तुझीच. इथे नाशकात तरी वेगळे काय आहे? मार्च २०२२ पासून महापालिकेत एकही नगरसेवक नाही. आणि योग कसा आला पाहा. ६ मेला सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या रखडलेल्या स्थानिक निवडणुकांची अधिसूचना चार आठवड्यांत काढा म्हणून सांगितले, त्याच रात्री ऑपरेशन सिंदूर झाले, आणि ७ तारखेला देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांसाठी मॉक ड्रिल ठेवलेली होती. महाराष्ट्राच्या यादीत नाशिक, मनमाड, सिन्नर ही तिन्ही नावे होती. भोंगा वाजवायची वेळ आली तेव्हा गावाच्या सभागृहात विचारणारा कुणी नव्हता. मला याची काळजी वाटते, आणि ती का वाटते हे आप्पा आजोबांच्या गोष्टीवरून तुला जास्त कळेल.

आजोबांच्या नोकरीतले ते दिवस तू तुकड्यातुकड्यांनी ऐकले आहेस, सलग कधी ऐकले नाहीस. १९७१ साली इथे महापालिका नव्हती. नाशिकची नगरपालिका वेगळी, नाशिकरोड-देवळालीची वेगळी. त्या सातपूरसह एकत्र होऊन महापालिका झाली ती १९८२ मध्ये. आप्पा त्यातल्या एका नगरपालिकेत आवक-जावक टेबलावर कारकून होते. मी शाळेत जाणारा पोरगा. आपला भाग तेव्हा केवढा लहान, आणि त्यात काय काय होते ते बघ. नोटा आणि पोस्टाची तिकिटे छापणाऱ्या प्रेस, मुंबईहून उत्तरेकडे जाणारी मोठी रेल्वे लाइन, १९७० मध्येच सुरू झालेले एकलहऱ्याचे वीज केंद्र, देवळालीला तोफखान्याची शाळा, आणि वर ओझरला मिग विमानांचा कारखाना. गाव लहान असले तरी शत्रूच्या नकाशावर ठळक दिसावे असेच.

लढाई पेटली ती ३ डिसेंबरला, पण आप्पांच्या टेबलावर ती आधीच पोचली होती. १५ नोव्हेंबरपासून टपालावर निर्वासितांच्या मदतीसाठी पाच पैशांचे जादा तिकीट लावायचे होते. ती तिकिटे आपल्याच प्रेसमध्ये छापलेली. नगरपालिकेतून रोज किती कागद बाहेर जातात तुला माहीत आहे: घरपट्टीच्या नोटिसा, नळाच्या थकबाकीची पत्रे, वरच्या कार्यालयांना अहवाल. आप्पांनी जावक रजिस्टरात त्या पाच पैशांसाठी वेगळा रकाना आखला होता. पूर्व बंगालमधून सुमारे कोटभर माणसे येत होती आणि त्यांचा हिशेब इथे एका कारकुनाच्या रकान्यात उमटत होता. आप्पांना त्या रकान्याचा अभिमान होता. मलाही आहे.

मग ब्लॅकआउट आला. काचांना खाकी कागद, मोटारींच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग, घरात दिवा लावायचा तर खिडकीला चादर. हे सगळ्यांनाच आठवते. ज्याच्याकडे दिवाबत्ती, पाणी आणि सफाई आहे त्याच्यासाठी अंधार म्हणजे काय असतो, ते मात्र फारसे कुणी सांगत नाही. रस्त्यावरचे दिवे एका बटणावर नव्हते. वायरमन सायकलवरून भागाभागात जाऊन ते बंद करत. जकात नाक्यावर रात्री येणारे ट्रक कंदिलावर काळा कागद लावून तपासायचे. पंप रात्रीच चालवावे लागत, कारण सकाळी नळाला पाणी हवे. आणि पंपघराच्या खिडक्यांना गोणपाट लावले की आतल्या माणसाचा जीव उकाड्याने कासावीस.

पण सर्वांत जास्त अंधार पडला तो सफाई कामगार बायकांवर. तेव्हा टोपलीचे संडास होते. पहाटे, गाव उठण्याआधी, त्या बायका मैला उपसून डोक्यावर वाहून न्यायच्या. एरवी गल्लीतल्या दिव्याचा उजेड असे, नाहीतर हातात कंदील. ब्लॅकआउटमध्ये दोन्ही गेले. मागच्या गल्ल्यांतून, उघड्या गटारांच्या कडेने, डोक्यावर भरलेली टोपली घेऊन काळोखात चालायचे. ब्लॅकआउटच्या हुकुमात याबद्दल एक ओळ नव्हती. हुकूम लिहिणाऱ्यांना त्या बायका ठाऊकच नव्हत्या. ते काम मुळात माणसाला करायला लावणे हाच अन्याय होता आणि तो पुढे कितीतरी वर्षे चालू राहिला. पण त्या पंधरवड्यात तो आणखी काळा झाला, आणि त्यावर कुणीतरी बोलले हे महत्त्वाचे आहे.

बोलला तो एक मेंबर. पेशाने शिंपी, विरोधी बाजूचा. सभा दुपारी बोलावली होती, कारण संध्याकाळनंतर दिवे नाहीत. विषयपत्रिकेवर लढाईची व्यवस्था होती आणि तिच्याच खाली एका गटाराचे काम, घरपट्टीची अपिले, असे नेहमीचे विषयही होते. या मेंबरने उभे राहून आधी काळ्या रंगाचे बिल मागितले. रंग आणि खाकी कागद दरपत्रके न मागवता घेतला होता. कुठल्या दुकानातून घेतला, काय भावाने, किती डबे आले, किती लागले? त्यावर गलका झाला. अशा वेळी हिशेब कसले मागता, जवान तिकडे रक्त सांडताहेत, वगैरे. अध्यक्षांनी सगळ्यांना बसवले आणि आप्पांना व्हाउचर आणायला पाठवले. व्हाउचर मोठ्याने वाचले गेले. भाव वाजवी होता. पण स्टोअरमध्ये न उघडलेले डबे पडून आहेत हे त्या वाचनातूनच कळले. तो रंग दुसऱ्या दिवशी पंपघराच्या काचांना लागला, गोणपाट निघाले, आतल्या माणसाला श्वास घेता आला.

त्याच मेंबरने मग पहाटेच्या बायकांचा विषय काढला. त्याचे दुकान त्यांच्या वस्तीच्या तोंडाशी होते. त्यांची वेळ बदला, उजाडल्यावर काम करू द्या, लोकांना थोडी घाण दिसली तर दिसू द्या, असे तो म्हणाला. बरीच कुरकुर झाली, पण वेळ बदलली. दोन्ही गोष्टी इतिवृत्तात नोंदवल्या गेल्या. आप्पांनी स्वतः त्याची स्वच्छ प्रत काढली होती.

त्या सभेत त्या माणसाला कुणी देशद्रोही म्हटले नाही. आप्पा हे प्रत्येक वेळी आवर्जून सांगायचे. लढाई चालू असताना बिल मागणे हे त्या सभागृहाला देशाच्या विरोधातले वाटले नाही, स्वतःचे काम वाटले.

आता तुझ्याकडे येतो. ज्या रात्री तू फोन केलास त्याच दिवशी केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून नागरी संरक्षण नियम, १९६८ मधल्या नियम ११ ची आठवण दिली होती. तुझ्यापर्यंत ते पत्र आले असेल, नसेल तर मागवून घे. राज्याला त्यात तातडीने उपाय करण्याचे अधिकार आहेत. पण तुझ्यासाठी महत्त्वाचा भाग पुढचा आहे: त्या उपायांचा खर्च स्थानिक संस्थेच्या निधीतून होऊ शकतो, आणि संस्थेच्या इतर सगळ्या कर्तव्यांपेक्षा त्याला अग्रक्रम असतो. म्हणजे आधी भोंगा, मग नळ. वेळ आली तर ते बरोबरच आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण तुझ्यासारख्या क वर्ग नगरपरिषदेची तिजोरी केवढी? त्यात पैसा आहे तो मोलमजुरी करणाऱ्यांच्या घरपट्टीचा आणि पाणीपट्टीचा. तो अग्रक्रमाने खर्च होणार असेल तर त्याचा हिशेबही अग्रक्रमाने लोकांपुढे यायला हवा. १९६५ च्या आपल्या नगरपरिषद कायद्यात अध्यक्षांना कलम ५८(२) खाली तातडीची कामे करून घेता येतात, पण केल्यावर ती कारणांसह सांगावी लागतात. सांगायला समोर कुणी तरी असते, हे त्यात गृहीत आहे. तुझ्या समोर कुणीच नाही. लेखापरीक्षक येतील, पण ते वर्षांनी येतील, आणि त्यांना पंपघरातला उकाडा दिसत नाही.

म्हणून माझे सांगणे आहे, समोर माणसे बसव. कायदा सांगत नसला तरी बसव. मुदत संपलेले सगळ्या पक्षांचे नगरसेवक बोलाव, तुला न आवडणारे आधी बोलाव. बचत गटाच्या बायका, निवृत्त वायरमन, पाणीपुरवठ्यातले जुने व्हॉल्व्हमन, शाळेचे मुख्याध्यापक, दवाखानेवाले, मशिदीचे आणि मंदिराचे विश्वस्त. कुठल्या गल्लीत कोण म्हातारे एकटे राहते, कुणाच्या घरी ऑक्सिजनचे मशीन आहे आणि वीज गेली की कुणाचा जीव धोक्यात येतो, कुठले तळघर पावसात भरते, हे जिल्ह्याच्या यादीत नसते, त्यांच्या डोक्यात असते. बैठकीचे इतिवृत्त लिही, सह्या घे, सूचना फलकावर लाव. काय घेतले, किती पैशांत घेतले, काय न वापरता पडून आहे, हे त्यात असू दे. आणि कुणी रंगाचे बिल मागितले तर त्याला चहा पाज आणि बिल दाखव.

अफवांचेही बघ. या वेळी आमच्या गल्लीतल्या व्हॉट्सॲपवर त्या चार दिवसांत दहा प्रकारचे ब्लॅकआउट येऊन गेले. पूर्वी दवंडी होती, एकाच माणसाच्या तोंडून गाव ऐकायचे. आज गावातल्या प्रत्येक गल्लीत रोज जाणारी आणि कर्णा असलेली नगरपरिषदेची एकच गाडी आहे, घंटागाडी. गाण्याच्या जागी तुझ्या आवाजातली अर्ध्या मिनिटाची सूचना लाव. लोक तुझा आवाज ओळखायला लागले की बाकीचे आवाज आपोआप पडतील.

आणखी एक, आणि हे मला जास्त जवळचे आहे. गावातली किती मुले सैन्यात आहेत हे तुझ्या कार्यालयाला माहीत आहे का? सीमेवर गेलेल्या जवानाच्या मृत्यूची नोंद आपल्या जन्म-मृत्यू रजिस्टरात होत नाही, कारण १९६९ च्या कायद्याप्रमाणे नोंद मृत्यू घडला तिथे होते. घरची बाई सैन्याकडून आलेला कागद घेऊन आपल्या खिडकीशी येते, आणि घरपट्टीला नाव लावायचे असेल तर आपला कारकून तिला दहा दाखले सांगतो. मी नोकरीत असे होताना पाहिले आहे. त्यांच्यावर खिडकीशी यायची वेळ येऊ देऊ नकोस. माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घराच्या मालमत्ता करातून माफी देण्याचा निर्णय राज्याने २०२० मध्येच घेतला आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून यादी घे, कर आकारणीच्या रजिस्टराशी ताडून पाहा आणि अर्जाची वाट न बघता माणूस घरी पाठव. चौकाला नाव देण्याचे ठराव लढाईनंतर सगळीकडे होतात, टाळ्या वाजवून होतात, व्हायलाही हवेत. पण त्या घराचा नळ चालू आहे का हे आधी बघ.

तुमच्या टँकरवाल्यांची देयके थकली आहेत असे तू मागे म्हणाली होतीस. ती आता भागव. ज्याचे पैसे थकले आहेत त्याला रात्री बारा वाजता हाक मारली तर तो कशाला येईल?

नालेसफाई कुठवर आली? पाऊस लवकर येतो आहे असे सगळे म्हणताहेत, आणि या महिन्याचे दहा दिवस तर तुझे या याद्यांतच गेले. जनरेटर आणि पंपांची चाचणी घेतेस तेव्हा ती रात्री घे, आणि पंपघरात स्वतः थोडा वेळ थांब. आईने कुरडया आणि सांडगे करून ठेवले आहेत, पुढच्या आठवड्यात तुझा मावसभाऊ तिकडे येणार आहे त्याच्याबरोबर पाठवते. बैठक ठरली की तारीख कळव. इतिवृत्ताची प्रत मला वाचायला पाठवलीस तर आनंद होईल.

तुझा,
बाबा