"हे आले का रे?"

रामबाग, इंदूर
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

प्रिय दिल्या,

फोनवर हे बोलता येत नाही. आई सतत शेजारी असते आणि बाकी सगळं गेलं तरी तिचे कान अजून शाबूत आहेत. म्हणून कागद. अक्षराला हसू नकोस, तुझं काही मोत्यांसारखं नव्हतं.

तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे, गुडघा कुरकुरतो.

तर आईचं. दिवेलागण झाली की तिचं सुरू होतं, "हे आले का रे?" ताई म्हणते, आईशी खोटं बोलायचं नाही. ती सरळ सांगते, "आई, अण्णा श्रावणात गेले." आई जणू पहिल्यांदाच ऐकते आणि रडते. मग डोळे पुसते, वरणभात खाते, झोपते. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. मी म्हणतो, एका बाईला रोज संध्याकाळी नव्यानं विधवा करायचं, हा कुठला न्याय? म्हणून मी सांगतो, "मिरवणुकीच्या चित्ररथावर, झाँकीच्या कामावर आहेत, सकाळी येतील." ती खूश. "यांचं नेहमीचंच!" पण मग ताटावर बसत नाही. ते आल्याशिवाय जेवणार नाही म्हणते. साखरेची गोळी घेऊन उपाशी झोपली तर? म्हणजे खरं सांगितलं तर रडते पण जेवते, खोटं सांगितलं तर हसते आणि उपाशी राहते. मोठा इंजिनीयर ना तू, काढ यातून वाट.

तिचा तरी काय दोष? गणपतीत अण्णा घरी दिसायचेच कुठे? पाळी संपली की मिलच्या आवारात दिवे जोडत बसायचे. हनुमानाची छाती उघडून आत राम-सीता उजळायचे, तो स्विच त्यांचा. (एका वर्षी तू हात लावलास आणि हनुमान जेल रोडवर अंधारात गेला. नाही म्हणू नकोस, मी शेजारी होतो.) मिला बंद पडल्या, झाँक्या काही थांबल्या नाहीत. परवाही रात्रभर निघाल्या. आखाड्यांचे ढोल ऐकून आई दाराशी जाऊन बसली, उठेचना. शेवटी चिमी डबा घेऊन आली, "आजी, आजोबांचा डबा न्यायचाय, पण त्यांनी विचारलंय तू जेवलीस का. आधी तू जेव." आई मुकाट जेवली. आम्ही दोघं बहीणभाऊ बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी मी तेच केलं तर मला म्हणाली, "फाजीलपणा पुरे."

चिमीचं ऐकते, त्याला कारण वेणी. आईचे हात वर जाईनात तेव्हा अण्णांनी वेणी शिकायची ठरवली. पलंगाच्या पायाला तीन वायरी बांधल्या, लाल, पिवळी, काळी, आणि चष्मा कपाळावर चढवून आठवडाभर गुंफत बसले. मग चिमीच्या केसांवर सराव. बिचारी वाकड्या वेण्या घालून शाळेत गेली. पण ती अण्णांची वेणी, मानेशी घट्ट, टोकाला दुहेरी गाठ, आता चिमीलाच येते. ताईनं घातली की आई लगेच सोडते. रात्री आई वाट चुकायची, म्हणून खाटेपासून न्हाणीपर्यंत त्यांनी झाँकीच्या जुन्या दिव्यांची माळ लावली होती. ती अजून आहे.

2023च्या डिसेंबरात हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या देण्याचे 224 कोटी सुटले, मिल बंद पडून तीस वर्षं उलटल्यावर. आपली मिल ती नव्हे, तरी अण्णा जुन्या मंडळींना भेटून आले. कितीतरी घरी पैसे घ्यायला बायकाच उरल्या होत्या. चपला काढता काढता मला म्हणाले, "हिच्या आधी मला जाऊन चालायचं नाही."

हे तुलाच का लिहितोय, कळलं असेल. तुझे बाबा गेले तेव्हा अण्णांनी फोनवर तुला सांगितलं, "थोडा ताप आहे, सावकाश ये." तू अवंतिका एक्स्प्रेसमध्ये रात्रभर झोपून आलास आणि स्टेशनावर कळलं. दोन वर्षं आमच्या घराची पायरी चढला नाहीस. अण्णांनी सफाई दिली नाही. एकदाच बोलले, "डब्यात पोरगं कुणाच्या गळ्यात पडून रडलं असतं?" तेव्हा मी तुझ्या बाजूनं त्यांच्याशी भांडलो होतो. आता रोज संध्याकाळी मी तेच करतोय. ताईला मी काय सांगू? तुला अजूनही राग आहे का? खरं लिही, माझ्यासाठी गोड करू नकोस.

वहिनींचा मोतीबिंदू नीट झाला ना? ओंकारचं ठरलं म्हणे, अभिनंदन. मुलगी आपल्या इंदूरची असती तर निदान पोह्यांवर शेव पडली असती. पोह्यांवर टाकायचा जिरावन मसाला पाठवतोय.

तुझा,
बंड्या

ता.क. अण्णांच्या पेटीत तुझी सोल्डरिंगची इस्त्री सापडली नाही. मुळात ती तुझी होती, हेच मला मान्य नाही.