परकराची नाडी विचारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

राजारामपुरीतल्या तुमच्या सोनोग्राफी सेंटरला दिवसाकाठी कितीतरी पोटं येत असतील, त्यात आमची आई ध्यानात असेल असं नाही. गंगावेशीतनं आलेली, 'टाकी करताय काय माझी' म्हणून तुमच्यावरच वैतागलेली ती बाई.

आठ महिने तिचं पोट फुगत होतं, डाव्या बाजूला खाली दुखायचं. घरात निदान कधीच झालं होतं: गॅस. ओवा झाला, हिंग झालं, सोडा झाला. कोल्हापुरात राहून तिनं मिसळ आणि तांबडा रस्सा सोडला, यापरता उपाय काय? एन्डोस्कोपी नॉर्मल आली आणि आम्ही निर्धास्त. ती नळी अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात, तेवढंच बघते, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तुमच्याकडं आलो तेव्हा चिठ्ठी फक्त वरच्या पोटाची, म्हणून आई उपाशी. लिव्हर, पित्ताशय, सगळं चांगलं. तिथं रिपोर्ट संपला असता. तुम्ही मात्र जेल पुसता पुसता विचारलंत, "मावशी, परकराची नाडी अलीकडं सैल बांधावी लागते का?"

आई गप्पच झाली. मग म्हणाली, "दिवाळीपास्नं दोन बोटं."

हे आम्हाला पोरींनाही माहीत नव्हतं.

तुम्ही तिच्या डॉक्टरांना फोन लावलात आणि तिला पाच ग्लास पाणी पाजून तासभर बसवलंत. ती गुडघे आवळून बसलेली, पायाचा अंगठा सारखा फरशीवर घासत. मी चिडले, तर तुम्ही समजावलंत: मशीनच्या लहरी हवेतनं पुढं जात नाहीत, म्हणून तर जेल लावायचं, आतड्यातला गॅसही तसाच आडवा येतो, भरलेली लघवीची पिशवी आतडी बाजूला सारते आणि मागचं दिसायला लागतं. आठ महिने ज्या गॅसला शिव्या घातल्या, तो असाही आडवा आला होता तर!

मग स्क्रीनवर पिशवीच्या मागं दुसरं काळं वर्तुळ दिसलं, मधे बारीक पडदे असलेलं. डाव्या अंडाशयाची गाठ, नऊ सेंटीमीटर. काही दडवलं नाहीत, घाबरवलंही नाहीत. "साधी आहे का नाही, हे मी सोनोग्राफीवर छातीठोक सांगणार नाही. एमआरआय करा, कॅन्सरच्या शंकेसाठी रक्तातलं सीए-१२५ हे प्रथिन बघा," एवढंच. पुढं ऑपरेशन झालं. बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघण्यातले दिवस सांगत बसत नाही. गाठ कॅन्सरची नव्हती.

आई आता नाडी पहिल्यासारखी बांधते. तुमच्यासाठी गुळाची ढेप बाजूला काढून ठेवलीय, नको म्हणू नका. तपासणीला पुन्हा यायचंय, तर म्हणते, ह्या खेपेला पाणी घरनंच पिऊन निघते. मी म्हटलं, आधी रस्त्यातले खड्डे मोज.

तुमच्या मावशींची थोरली