खुर्ची घराबाहेर काढण्याआधी

नाशिक

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर आली, चार्जिंगला लागली आणि येत्या रविवारी गोदाघाटावर जायचा बेतही ठरला, असं वहिनींकडून कळलं. घाटावर जरूर जा, पण या रविवारी नको. जॉयस्टिकचा दांडा पुढे ढकलला की खुर्ची चालते हे पाच मिनिटांत समजतं. ती कुठे उलटते हे समजायला पंधरा दिवस लागतात. फोनवर सांगितलेलं तू विसरशील, म्हणून लिहितोय. कागद खुर्चीच्या खिशात ठेव.

आधी बसणं नीट कर. दुकानातून आलेली खुर्ची कुणाच्याच मापाची नसते. कंबर अगदी मागे सारून बस. सीटची पुढची कड आणि गुडघ्यामागची खाच यांच्यात दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. जागा उरली नाही तर कड पोटरीत रुतते आणि माणूस नकळत पुढे घसरतो. फूटरेस्टची उंची अशी ठेव की मांडी सीटवर सपाट टेकेल. तो फार वर घेतला तर गुडघे उचलले जातात, सगळा भार बैठकीच्या हाडांवर येतो आणि जखम नेमकी तिथेच धरते. फार खाली सोडला तर पहिल्याच गतिरोधकाला घासतो. जमिनीपासून निदान ५ सेंटिमीटर हवेतच, आपल्या रस्त्यांसाठी ७ ते ८ धर. तुझे पाय लांब, त्यामुळे हे दोन्ही एकदम जमणार नाही. मग जाड उशी घ्यावी लागेल. पण उशी वाढली की तू उंच बसतोस आणि खुर्चीचा तोल तेवढाच नाजूक होतो. म्हणून उशी आधी ठरव, बाकीची मापं त्यानंतर घे.

जॉयस्टिक कुठे बसवायची यावर लोक विचारच करत नाहीत. आर्मरेस्टखालचा स्क्रू ॲलन कीने (षटकोनी चावीने) सैल केला की ती बसवलेली नळी पुढे-मागे सरकते. कोपर टेकलेलं, खांदा सैल, मनगट सरळ आणि दांडा बोटांच्या टोकांत, अशी जागा शोध. जॉयस्टिक लांब असेल तर हात ताणलेला राहतो. मग खड्ड्यात चाक आदळलं की अंग पुढे फेकलं जातं, अंगाबरोबर हात जातो आणि हाताबरोबर दांडा. थांबायच्या क्षणी खुर्ची उसळी घेते. कमरेचा पट्टाही याचसाठी लागतो. तो पोटावर बांधू नकोस. मांडी आणि कंबर जिथे मिळते त्या घडीतून, खाली-मागे तिरका ओढलेला, आत दोन बोटं जातील इतपत घट्ट असू दे.

वेग, वळण, ब्रेक यांची सेटिंग विक्रेत्याच्या माणसाकडे असलेल्या छोट्या यंत्राने बदलतात. तो घरी येईल तेव्हा चहा पाजून परत पाठवू नकोस, त्याच्याकडून दोन वेगळे मोड करून घे. एक घरातला, अगदी मंद. दुसरा बाहेरचा. बाहेरच्या मोडमध्ये सरळ वेग ताशी ५-६ किलोमीटर चालेल, पण वळायचा वेग त्याच्या निम्म्याहून कमी हवा. सुरुवात आणि थांबणं दोन्ही अलवार. मात्र थांबणं इतकंही अलवार नको की दांडा सोडल्यावर खुर्ची पुढे रेंगाळेल. मूळ सेटिंग बहुधा दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर छान वाटावं अशीच असते.

आता चढ-उतार. नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून नाशिक, असं सांगतात. खरंखोटं असो, जुन्या नाशकातून घाटाकडे उतरताना ते पटतं. तुझी खुर्ची मागच्या चाकांवर चालणारी आहे. सरळ रस्त्यावर ती स्थिर चालते, पण चढावर वजन मागे सरकतं आणि पुढची छोटी चाकं हलकी होतात. त्यात पाठीला सामानाची पिशवी लटकवलेली असेल आणि चढाच्या मध्यावर थांबून तू दांडा एकदम पुढे दाबलास, तर पुढचं टोक उचललं जातं. पिशवी मांडीवर किंवा सीटखाली ठेव. मागची ती दोन बारकी चाकं उलटण्यापासून वाचवतात, ती अडथळा म्हणून काढून ठेवायचा मोह होईल, काढू नकोस. चढताना अंग पुढे झुकव आणि एका संथ चालीत वर जा.

उतरताना उलटं होतं. भार पुढे जातो, मागची चालणारी चाकं हलकी पडतात आणि ओल्या फरशीवर घसरतात. पाठ टेकून, सर्वात कमी वेगात, नाकासमोर उतर. तिरकं उतरू नकोस, कारण आडव्या उतारावर पुढची चाकं आपोआप खालच्या बाजूला वळतात. वेग वाढला म्हणून स्विच बंद करणं तर मुळीच नाही. स्विच बंद केला की ब्रेक एकदम लागतात आणि माणूस पुढे फेकला जातो. दांडा सोडणं हाच ब्रेक. आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. उतारावर मोटर उलट वीज तयार करून बॅटरीत ढकलते. बॅटरी काठोकाठ भरलेली असताना लांब उतार लागला तर व्होल्टेज वाढून कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारी पेटी) खुर्ची बंद पाडू शकतो. चार्जर काढल्या काढल्या मोठ्या उताराला लागू नकोस, आधी थोडं सपाटीवर फीर.

चढ किती आहे हे डोळ्यांनी ठरवू नकोस. गवंड्याची पाणसळ आण, ६० सेंटिमीटर लांबीची. तिचं एक टोक चढाच्या वरच्या बाजूला टेकव, दुसरं टोक बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचल आणि उचललेल्या टोकाखाली टेप लाव. ५ सेंटिमीटर भरले तर चढ बारास एक, म्हणजे बारा सेंटिमीटर पुढे गेल्यावर एक सेंटिमीटर वर, चांगल्या रॅम्पचा. ६ च्या आसपास असेल तर सोबत कुणीतरी हवं. साडेआठ म्हणजे जवळपास ८ अंश. तिथे आधी खुर्चीच्या पुस्तकातली कमाल मर्यादा बघ आणि ती कोरड्या, एकसारख्या पृष्ठभागासाठी असते हे ध्यानात घे. बारास एकच्या हिशेबाने, बिल्डिंगच्या दारातल्या १५ सेंटिमीटर पायरीला १ मीटर ८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो. हार्डवेअरवाला हातभर लांबीची लोखंडी पाटी गळ्यात मारायला बघेल.

फूटपाथची कड ४-५ सेंटिमीटरपेक्षा उंच असेल तर सोडून दे, पुढे उताराची जागा शोध. कमी असेल तर काटकोनात जा, म्हणजे दोन्ही चाकं एकाच वेळी टेकतील. तिरकं गेलास की एक चाक वर, एक खाली, आणि खुर्ची कुशीवर कलते. गतिरोधकालाही हाच नियम. गटाराच्या जाळीचे गज तुझ्या दिशेने असतील तर पुढचं चाक फटीत बसतं आणि जागच्या जागी अडकतं. गज आडवे येतील अशा बाजूने ओलांड. पेव्हर ब्लॉक उचकटलेले असतील तिथे वेग निम्मा कर. दुचाकी चढू नये म्हणून फूटपाथच्या तोंडाशी खांब रोवलेले असतात. आधी खुर्चीची रुंदी मोज आणि मध्ये ९० सेंटिमीटर जागा नसेल तर तो रस्ता यादीतून काढ.

शिकायला पहिले तीन दिवस पार्किंग पुरे. पाण्याच्या बाटल्या दीड-दीड मीटरवर मांड आणि त्यांच्यामधून आठचा आकडा काढ, पुढे आणि मग रिव्हर्स. खडूच्या रेघेवर पुढची चाकं आणून थांबवता आली की गल्लीत ये. मग पहाटे इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक, पुढे कॉलेज रोड, तोही सकाळी आठच्या आत. मेन रोड आणि रविवार कारंजा महिनाभराने. तिथे रिक्षावाल्याला तू दिसतच नाहीस, तुझं डोकं त्याच्या आरशाच्या खाली राहतं. खुर्चीच्या पाठीला उभी काठी लावून दीड मीटरवर नारिंगी झेंडी बांध, मागे लाल दिवा, चाकांच्या बाजूला चमकती पट्टी. फूटपाथ नसेल तिथे समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने जा.

मोटरपाशी दोन्ही बाजूंना क्लचचे लिव्हर आहेत. ते सोडले की खुर्ची हाताने ढकलता येते, पण त्या वेळी ब्रेक अजिबात नसतात. उतारावर कुणालाही ते हात लावू देऊ नकोस, नातवाला तर नाहीच. परत लावल्यावर ढकलून बघ, खुर्ची हलली तर एखादा नीट बसलेला नाही. बहुतेक खुर्च्या एक लिव्हर सुटलेला असला तरी चालत नाहीत, नुसते दिवे लुकलुकतात. किती वेळा लुकलुकतात ते मोजून पुस्तकात बघ. मेकॅनिकला बोलावण्याआधी तीन गोष्टी तपास: लिव्हर, अजून लागलेला चार्जर, बॅटरीची सैल पिन.

बॅटरी १२ व्होल्टच्या दोन आहेत, जोडून २४. पुस्तकात २० किलोमीटर लिहिलेत ते सपाटीवर, हलक्या माणसाला, नव्या बॅटरीवर. तू १० धर, म्हणजे जाताना ५. थंडीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा आणखी कमी. बाहेर जाऊन आलास की त्याच रात्री चार्ज कर, पूर्ण व्हायला ८-१० तास लागतात. तुझ्या खुर्चीतली जेल जातीची बॅटरी अर्धवट उतरलेली ठेवली की आतून मरते. बदलायची वेळ आली की दोन्ही एकदम बदल. गॅरेजवाला गाडीची बॅटरी स्वस्तात बसवून देतो म्हणेल, ती इंजिनाला एक झटका द्यायला बनलेली असते, रोज खोल उतरवली तर काही महिन्यांत बसते. चार्जरही बॅटरीच्या जातीचाच हवा, लिथियमचा जेलला चालत नाही.

टायरमधली हवा आठवड्याला बघ, आकडा टायरच्या कडेवरच छापलेला असतो. एका चाकात कमी झाली की खुर्ची त्या बाजूला ओढते आणि माणूस जॉयस्टिकला दोष देतो.

पावसाळा तोंडावर आहे. जॉयस्टिकवर पारदर्शक पिशवी रबराने बांध, तिच्या बुडाशी पाणी गेलं की संपलं. साचलेल्या पाण्यातून कधीच जाऊ नकोस, खाली गटाराचं झाकण आहे की नाही हे दिसत नाही आणि मोटर जमिनीपासून हातभरही वर नसते. नदी चढली की सराफ बाजार, भांडी बाजार सोड. उन्हाळ्यात उभी केलेली खुर्ची तापते, आणि तुझ्या पायाला चटका कळत नाही, म्हणून बसण्याआधी खुर्चीच्या सांगाड्याच्या नळ्या हाताने चाचपून बघ. दर अर्ध्या तासाने पुढे वाकून किंवा बाजूला कलून एकदा बैठकीवरचा भार हलव, मोबाइलला गजर लाव.

घाटावर पहिल्यांदा जाशील तेव्हा गर्दी आणि ओल दोन्ही कमी असतील अशी वेळ निवड. रामकुंडाच्या काठाला शेवाळं धरलेल्या फरशीवर चाक नेऊ नकोस, चार मीटर मागेच थांब. पाणसळ माझ्याकडे एक जास्तीची आहे, मुलाच्या हाती पाठवतो. विक्रेत्याचा माणूस कधी येणार ते कळव, त्याला विचारायच्या दोन गोष्टी अजून आहेत.

वहिनींना आणि आईंना नमस्कार.

तुझा,
दिलीप