घंगाळावरचं नाव

प्रिय मित्रा,

गावाचं काय झालं असं तू मागे विचारलंस आणि मी नंतर सांगतो म्हणून टाळलं, तर आज निवांत लिहायला बसलोय.

आमचं गाव उजनीच्या पाण्याखाली आहे हे तुला माहितीये. १९८० ला धरण पूर्ण झालं, भीमाकाठची कितीतरी गावं उठली, आमचं पण वरच्या माळावर त्याच नावाने परत वसलं. पण बाबा त्याला नवीन गावठाण म्हणतात, गाव म्हणतच नाहीत. त्यांचं गाव खालचं, मळीची जमीन, शनिवारचा बाजार, आणि बाजाराला आसपासच्या बैलगाड्या यायच्या ते. मे महिन्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, ते बघायला लोक होडीने जातात. आमच्याकडे तसं काही नाही रे, नुसते चौथरे आणि गाळात रुतलेली जात्याची एक तळी. बाबा तिथे उभं राहून बोटाने दाखवत होते, ही आपली पडवी, हा घाट, आणि मला फक्त भेगा पडलेला गाळ दिसत होता. त्याच दिवशी ठरवलं, कागद शोधायचे.

सातबारा, फेरफार सोपं, पण ते आजोबांपर्यंतच नेतं. त्याच्या मागे जायचं तर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, आणि त्या मोडीत. मला मोडीचं एक अक्षर येत नाही, एक जाणकार काका सोबत बसले म्हणून निभावलं. १९१८ चा ऑक्टोबर आला आणि काका वाचता वाचता गप्पच झाले. इन्फ्लुएंझाचं साल ते. नोंदींवर नोंदी, कारण काय तर ताप, ताप, ताप, आणि त्यातच आमची पणजी. पण नाव नाही! अमक्याची बायको, एवढंच. पणजोबांचं नाव आहे, त्यांच्या वडलांचं आहे, हिचं नाही. फार लागलं मला ते. आजोबा तेव्हा दीड वर्षाचे, पणजोबांनी दुसरं लग्न केलं आणि घरात हिला नुसतं 'थोरली' म्हणायचे, तेच बाबांपर्यंत आलं. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या पण पाहिल्या, चार पिढ्या मिळाल्या, सगळे पुरुष.

मग नवीन गावठाणात बाबांच्या एका म्हाताऱ्या काकूंकडे चहाला बसलो होतो, सहज विषय निघाला. गाव उठताना आमची थोडी भांडी त्यांच्या गाडीत चढली ती तिकडेच राहिलेली. त्यांनी माळ्यावरून तांब्याचं एक घंगाळ काढायला लावलं, काळंठिक्कर. चिंच लावून घासलं तर काठावर टिपक्या टिपक्यांची अक्षरं, शके १८३६, म्हणजे १९१४ च्या सुमाराचं, खाली पणजीचं नाव, माहेरच्या आडनावासकट, आणि मामाकडून लग्नात दिलं असं.

बाबा कितीतरी वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत होते, मोठ्याने वाचलं पण नाही त्यांनी. मी पण नाव इथे लिहीत नाही, भेटलास की तूच वाच.

त्यावर मामाचं गाव पण कोरलंय. ते धरणाच्या बरंच वर आहे, बुडालेलं नाही. पुढच्या रविवारी मी आणि बाबा निघतोय, गाडीत एक जागा आहे. येतोस ना?

तुझाच