शिष्यवृत्ती प्रवेशाच्या वेळीच हाती पडावी

महोदय,

मुंबईत शिक्षणाचा पाया घालणारे दानशूर नाना शंकरशेट १८६५ साली निवर्तले. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मिळणे हा मॅट्रिकच्या मुलांसाठी केवढा मान होता, हे १९१२ साली ती पटकावणाऱ्या आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेल्या चिंतामणराव देशमुखांच्या वाटचालीवरून ध्यानात यावे. गावोगावच्या शाळांतही दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ अशा ठेवी आहेत, परंतु मुद्दल वर्षानुवर्षे तेच राहिल्याने आणि व्याजदर घटल्याने त्यांतून आज वह्यांचाही खर्च भागत नाही.

मी शिकवत होते त्या शाळेत बारावीत पहिल्या आलेल्या एका मुलीला डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात पाचशे एक रुपयांचे पाकीट मिळाले. महाविद्यालयाच्या शुल्कासाठी तिच्या आईने जूनमध्येच कानातली कुडी गहाण ठेवली होती. ते पाकीट तिने न उघडता आईच्या हाती दिले, हे मी व्यासपीठावरून पाहिले आणि आजही विसरू शकलेले नाही.

माजी विद्यार्थ्यांनी या ठेवींत भर घालावी आणि संस्थाचालकांनी, हारतुऱ्यांसाठी संमेलनाची वाट न पाहता, निकाल लागताच आठवडाभरात रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण