आपली खोली विकायला काढली बे

प्रिय पक्या,

आठ महिने ना फोन ना मेसेज, शिव्या दे, घेतो. तब्येत बरी, शुगर आहे तिथंच आहे. पण परवा जे करून बसलोय ते तुलाच कळंल, हिला सांगितलं तर म्हणंल म्हातारचळ लागला.

सोलापुरात चाटी गल्लीमागं आपण राहायचो ती खोली मालकांनी विकायला काढलीय. खोली म्हणायचं नाही आता, ‘स्टुडिओ अपार्टमेंट’. मोबाईलवर फोटो आले, पांढरी फरशी, पीओपी, निळा लाईट, मी ओळखलंच नाही, मग खिडकीचा तो वाकडा गज दिसला नि ट्यूब पेटली. गेलो बघायला. एजंट पोरगं म्हणतंय, काका प्री-वॉर बिल्डिंग आहे. म्हटलं कुठलं वॉर? तर म्हणे 71 चं असंल. अरे दारावर दगडात शके 1858 कोरलंय, म्हणजे 1936, मान वर करून बघ की! वर 280 स्क्वेअर फूट सांगायलालंय. आपण गाद्या टाकायचो तेव्हा दहा बाय अठरा होती, जिनापण धरला असंल.

मोरीच्या जागी ओपन किचन. जिथं पाण्याच्या बॅरलवरनं तू तीन दिवस तोंड फुगवून बसला होतास तिथं काळा ग्रॅनाईट. (बॅरल मी सांडलं नव्हतं, आजपण सांगायलालो. नि नळाला पाणी अजून चार-पाच दिवसाआडच येतंय.)

तर मी तिथल्या तिथं 51 हजार टोकन दिलं बे. आणि दिल्यावर भिंतीला हात लावला, असलं डोकं. खिडकीखाली पुट्टी फुगलेली, नख लावलं तर मिठासारखी पांढरी भुकटी. काल गवंडीमामांना नेलं, त्यांनी रुपयाचं नाणं ठोकत अख्खी भिंत कान लावून ऐकली, कमरेपर्यंत सगळीकडं भद्द. दगड-चुन्याच्या भिंतीला सिमेंट चोपडलंय म्हणे, जमिनीतली ओल चुन्यातनं बाहेर पडायची ती आता आत कोंडलीय नि वर चढायलालीय, रंग कितीबी मार. ते खरडून परत चुना करता येतो, खर्च आहे पण होतं. मोरीची भिंत फोडलीय त्याचं काय? तिच्यावर वरच्या मजल्याचं वजन, खाली नुसता एक लोखंडी अँगल. मामा त्याच्याकडं बघत उभे राहिले, बोललेच नाहीत, त्याचंच जास्त भ्या वाटलं. बँकवाला म्हणतो आधी स्ट्रक्चरल ऑडिट आणा, आणि प्रॉपर्टी कार्डावर चार भाऊ एक बहीण आहेत, बहिणीची सही कुठाय? बहीण कुठाय हेच एजंटला माहीत नाही.

तात्या असते तर म्हणाले असते, सोड की ते 51 हजार. पण उंबऱ्याजवळची एक शहाबादी नव्या फरशीवाल्यांनी काढली नाही रे, तू सिलेंडर आपटून कोपरा उडवलेली. बाकी सगळं व्हिट्रिफाईड नि ती एकटीच काळी. तिच्यावर उभा होतो तेव्हा खिशात हात गेला.

पोरीची बारावी झाली ना? वहिनींना नमस्कार, नव्या फ्लॅटचं अभिनंदन, वास्तूला येणं झालं नाही, राग धरू नको. शनिवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं ये, रविवारी इंजिनिअरला बोलावलाय, तू शेजारी असलास तर मी जरा शहाण्यासारखा वागंन. हिला यातलं काही बोलू नको. आणि 1993 च्या लाईट बिलाचे 140 रुपये घेऊन ये.

तुझा,
राजा