आन्हुईच्या डोंगरांतून आल्यावर आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात कामातून सवड काढून मी शांघायहून आन्हुई प्रांताच्या दक्षिण भागात जाऊन आले. फोनवर जे सांगितले त्याने माझे समाधान झाले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

हुआंगशान हा सारा ग्रॅनाइटचा डोंगर आहे आणि त्याचे कमळ शिखर १८६४ मीटर उंच आहे. सकाळी दऱ्या ढगांनी भरून जातात आणि मातीचा कणही दिसत नाही अशा खडकांच्या भेगांतून पाइनची झाडे आडवी वाढलेली दिसतात. मात्र माझी नजर पुन्हा पुन्हा जात होती ती माथ्यावरच्या हॉटेलांसाठी शिधासामान वाहणाऱ्या कावडकऱ्यांकडे. त्यांच्या हातात एक काठी असते. दम लागला की कावडीचा भार त्या काठीवर टेकवून ते पायरीवर उभ्यानेच विसावतात आणि पुन्हा चालू लागतात.

डोंगरापेक्षाही माझा जीव रमला तो पायथ्याकडच्या होंगत्सुन गावात. शेजारच्या शिदी गावाबरोबर युनेस्कोने २००० मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. ओढ्याचे पाणी वळवून अरुंद दगडी पाटांनी ते घरांच्या दारांवरून नेले आहे. ते आधी गावाच्या मधोमध असलेल्या अर्धचंद्राकृती तळ्यात आणि तेथून १६०७ मध्ये बांधलेल्या दक्षिण सरोवरात उतरते. चंद्रतळ्याच्या कामाचे श्रेय हू चोंग या स्त्रीला दिले जाते. सहा शतके होत आली तरी ते पाणी वाहतेच आहे. मी पाहिले तेव्हा एक आजी पायरीवर बसून पाटात पालेभाजी धूत होत्या.

घरे बाहेरून उंच, पांढरी आणि जवळजवळ बिनखिडक्यांची आहेत. आग शेजारी पसरू नये म्हणून त्यांच्या भिंती छपरांच्याही वर, पायऱ्यापायऱ्यांनी चढवलेल्या आहेत. आत गेल्यावर मात्र आपल्या वाड्यासारखा उघडा चौक लागतो. चारही छपरांचे पाणी त्या चौकातच पडते, कारण पाण्याबरोबर लक्ष्मीही घरातच राहते अशी तिथली श्रद्धा आहे.

या घरांमागची हकिगत मला फार लागली. डोंगराळ मुलखात शेतजमीन थोडी, म्हणून जुन्या हुईचौ भागातली मुले तेराव्या-चौदाव्या वर्षीच घर सोडून मीठ, चहा आणि लाकडाच्या व्यापारासाठी दूरच्या शहरांत जात. वाडे, कुलगृहे, पाठशाळा उभ्या राहिल्या त्या त्यांनी धाडलेल्या पैशांतून. पण घरे जागती ठेवली ती मागे राहिलेल्या आई-वडिलांनी आणि बायकांनी. तिथल्या कोरीव तुळयांखाली उभी असताना मला तुमची फार आठवण झाली.

तुम्ही हे पाहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. ऑक्टोबरचा पहिला आठवडा इथे राष्ट्रीय सुट्टीचा आणि भयंकर गर्दीचा असतो, म्हणून त्यानंतरचे दिवस ठरवू. डोंगरावर रोपवे आहे, तरी वर पोचल्यावर पायऱ्या चुकत नाहीत; बाबांच्या गुडघ्यांना झेपले नाही तर डोली करू, नाहीतर मुक्काम होंगत्सुनलाच ठेवू. आईच्या जेवणाची काळजी नको, भात, टोफू आणि भाज्या सगळीकडे मिळतात. बाबा, तुम्हां दोघांच्या पासपोर्टांची मुदत पाहून मला या आठवड्यातच कळवा.

तुमची,
लेक